पूररेषा नकाशात नको, जमिनीवर हवी

पावसाळा तोंडावर आला की आपल्याकडील नगरपालिकांना नदीची आठवण होते. नाले उपसण्याची निविदा निघते, काठावरच्या वस्त्यांना सावधगिरीच्या नोटिसा जातात आणि शाळांच्या खोल्या निवाऱ्यासाठी राखून ठेवल्याचे जाहीर होते. पोळा होऊन गेला की हे सारे कागद पुन्हा कपाटात जातात. हे रहाटगाडगे इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही चुकते आहे असे कोणास वाटतही नाही. परंतु ‘आपले घर पूररेषेच्या आत आहे, सावध राहावे’ ही सूचना घर बांधून झाल्यावरच का येते, जमीन विकत घेण्यापूर्वी का येत नाही, एवढा एकच प्रश्न कोणी विचारला तर उत्तर देणे कठीण होईल. आज बाळापूरच्या निमित्ताने तोच प्रश्न आम्हांस विचारावयाचा आहे.

बाळापूर निवडण्यास कारण आहे. अकोल्याहून खामगावकडे जाताना लागणारे हे गाव मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर वसलेले आहे. म्हैस नदीला महेश असेही म्हणतात. गावचा किल्ला या दोन पात्रांमधील उंचवट्यावर उभा आहे. औरंगजेबाचा पुत्र आझमशाह याने त्याचे काम आरंभिले आणि एलिचपूरच्या नबाब इस्माईलखानाने ते १७५७ मध्ये पुरे केले. भर पावसाळ्यात एक बाजू सोडली तर किल्ल्याभोवती पाणीच पाणी होते, असे जुने वर्णन आहे. किल्ला बांधणाऱ्यांना नदीचे भय नव्हते असे नाही. त्यांनी पाणी कोठवर चढते ते आधी पाहिले, मग पाया घातला आणि तेच पाणी खंदक म्हणून उपयोगात आणले. नदीशी भांडण न करता तिच्याशी करार करण्याचा हा प्रकार होता.

आपल्या पूर्वजांना हे शहाणपण कोणी शिकविले? त्यासाठी कायद्याची पुस्तके नव्हती. पण भाषेतच एक नियम होता. गावाची जमीन ती ‘पांढरी’ आणि शेताची जमीन ती ‘काळी’. पांढरी ही उंचावर, पिढ्यान्‌पिढ्या घरे पडून आणि पुन्हा उभी राहून चढत गेलेली. काळी ही पिकाची, पाणी धरून ठेवणारी, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. काळीत पीक घ्यावे आणि पांढरीत राहावे, ही वाटणी कोणत्याही नगररचनाकाराने केलेली नव्हती. ती पुरांनी केलेली होती. वऱ्हाडातील गावोगावच्या गढ्या पाहाव्यात. त्या जितक्या शत्रूच्या धास्तीने तितक्याच पाण्याच्या धास्तीने उंचावर चढलेल्या दिसतील.

गेल्या पन्नास वर्षांत आपण ही वाटणी मोडली. गावठाण भरले, कुटुंबे वाढली, आणि बाजारहाट व शाळा यांच्या ओढीने खेड्यांतील माणसे तालुक्याच्या ठिकाणी आली. यात कोणाचाच दोष नाही. मग काळी जमीन बिगरशेती होऊ लागली आणि तीत ‘लेआऊट’ पडू लागले. चुन्याच्या रेघा मारून आखलेला प्लॉट उन्हाळ्यात दाखविला जातो. त्या वेळी नदीत चुळभर पाणी नसते आणि शेजारचा नाला बाभळीने भरलेला असतो. घेणारा शिकलासवरलेला असला तरी सातबारा पाहतो, खरेदीखत वकिलाकडून वाचून घेतो, दार कोणत्या दिशेला येईल याची चौकशी करतो. पाणी कोठवर येते हे मात्र तो विचारीत नाही. आणि विकणारा आपण होऊन सांगत नाही.

या बाबतीत नियम नाहीत अशी समजूत कोणी करून घेऊ नये. नियम आहेत आणि ते बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. राज्याच्या पाटबंधारे खात्याने १९८९ मध्ये परिपत्रक काढून नदीकाठासाठी दोन रेषा ठरविल्या. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे, अथवा पात्राच्या प्रस्थापित क्षमतेच्या दीडपट पाण्याचे, यांत जे अधिक असेल त्याचे क्षेत्र जेथे संपते ती निळी रेषा. सरासरी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. पुढे डिसेंबर २०२० मध्ये राज्याने एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू केली. मुंबईसारखे काही अपवाद सोडता ती राज्यातील बहुतेक सर्व शहरांस व गावांस लागू असून बाळापूरसारखी लहान नगरपरिषदही तिच्या बाहेर नाही.

नियमावली काय म्हणते? नदीचा काठ आणि निळी रेषा यांच्यामधील पट्टा बांधकामास निषिद्ध. तेथे बाग, मोकळे मैदान, उघडा भाजीबाजार, वाहनतळ, स्मशानभूमी यांसारखे उपयोग चालतील, राहती घरे चालणार नाहीत. पूर्वीपासून असलेल्या अधिकृत इमारतीची पुनर्बांधणी करावयाची झाल्यास पाटबंधारे खात्याचे ना-हरकत पत्र हवे आणि इमारत लाल रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर उंच हवी. निळ्या आणि लाल रेषेमधील पट्टा नियंत्रित. तेथे बांधकामाला परवानगी मिळू शकते, पण तीही लाल रेषेच्या पातळीवर ०.४५ मीटर चढून. हे ०.४५ मीटर म्हणजे आपल्या जुन्या मापाने बरोबर एक हात. शंभर वर्षांतल्या पुराच्या वर एक हात, एवढीच या नियमाची मागणी आहे. ती जाचक आहे असे कोण म्हणेल?

‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनी मात्र पुष्कळांचा घोटाळा होतो. मागच्या पिढीत पूर येऊन गेला, आता आमच्या हयातीत येणार नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो. वास्तविक त्याचा अर्थ एवढाच की कोणत्याही वर्षी असा पूर येण्याची शक्यता शंभरात एक असते. नदी मागचा हिशेब लक्षात ठेवीत नाही. पुढील वर्षी पुन्हा तितकीच शक्यता असते. गणित करून पाहावे. तीस वर्षे मुदतीचे कर्ज काढून लाल रेषेच्या कडेला घर बांधले, तर ते फिटण्यापूर्वी निदान एकदा पाणी उंबरठ्याशी येण्याची शक्यता शंभरात २६, म्हणजे चारांत एक. निळ्या रेषेच्या कडेला बांधले तर तीच शक्यता शंभरात ७० च्या वर जाते. इतक्या धोक्याचा सौदा बाजारात कोणी धान्याच्या पोत्याचा करणार नाही. घराचा मात्र आपण करतो.

मग नियम असून बिघडते कोठे? ते असे बिघडते की रेषा कागदावर असते आणि घर जमिनीवर असते. पूररेषेचा नकाशा खात्याच्या कचेरीत, विकास आराखडा नगरपरिषदेत, खरेदीखताची नोंद दुय्यम निबंधकाकडे, आणि प्लॉट नाल्याच्या काठी. या चार ठिकाणांची गाठ पडते ती पुराच्या रात्रीच. सामान्य माणसाने चार कचेऱ्यांतून हिंडून आपल्या अंगणात पाणी किती चढेल हे शोधून काढावे, ही अपेक्षाच मुळात अन्यायाची आहे. नियम मोडल्याचा दोष त्याच्या माथी येतो; नियम त्याला दाखविण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नसते.

त्याचा परिणाम काय होतो हे सांगण्यास विदर्भाबाहेर जाण्याचे कारण नाही. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने नागपूर जिल्ह्याच्या नरखेड तालुक्यातील मोवाड हे गाव धुऊन नेले. वरुडच्या आपल्या लोकांना हे गाव परके नाही. त्या दिवशी २०४ माणसे दगावली आणि पुढे सबंध गाव नव्या जागी वसवावे लागले. जे मोवाडने एवढी किंमत देऊन केले, ते उंच जागा शोधण्याचे काम, आधी केले असते तर त्यास काही हजार मुरमाच्या गाड्या आणि थोडी दूरदृष्टी एवढाच खर्च आला असता. २०२१ च्या जुलैत अकोल्यात मोर्णेचे पाणी वस्त्यांत शिरले, तेव्हाही आपण काही दिवस हळहळलो. हळहळीला मुदत असते, पुराला नसते.

येथे भरावाचाही विचार केला पाहिजे. एक हात उंच जोते घ्या असे सांगितले की लोक मुरूम टाकतात. एकट्या घराच्या दृष्टीने ते शहाणपणाचे दिसते. परंतु पुराचे पाणी जेथे पसरत होते ती जागा मुरमाने भरली म्हणजे ते पाणी नाहीसे होत नाही. ते शेजाऱ्याकडे जाते. ज्याला भराव परवडतो त्याचे अंगण कोरडे राहते आणि ज्याला परवडत नाही त्याच्या घरात कमरेइतके पाणी चढते. नाल्यांची गोष्ट याहून वाईट. नदी भरून चालली की नाल्याचे तोंड दाबले जाते आणि गावातले पाणी मागे फुगते. अशा वेळी नाल्याला रुंदी लागते. तीच आपण स्लॅब टाकून, दुकाने काढून, रस्ता वाढवून हिरावून घेतो. दोन नद्यांच्या संगमावरील गावास हा धोका दुहेरी आहे. एक नदी चढली की दुसरीचे पाणी तुंबते. तेव्हा पुराच्या वाटेवर उंची हवी असेल तर ती खांबांवर घ्यावी, भरावावर नव्हे. खांबांमधून पाण्याला वाट राहते.

या नियमांविरुद्ध दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला जमीनमालकाचा : आमची जमीन रेषेत गेली, आम्ही बुडालो. तो सर्वस्वी खरा नाही. जमिनीचा काही भाग रेषेत आणि उरलेला विकासयोग्य क्षेत्रात असेल, तर रेषेतील भागाचे चटईक्षेत्र उरलेल्या जमिनीवर वापरण्याची सवलत त्याच नियमावलीत आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो गरिबांचा आहे : काठावरची जागा स्वस्त म्हणून आम्ही येथे आलो, येथून उठवाल तर कोठे जावे? या प्रश्नाला बुलडोझर हे उत्तर नव्हे. ज्या समाजाने कोरडी जागा महाग केली, त्यानेच ओल्या जागेत राहिल्याबद्दल गरिबाला शिक्षा करावी हे न्यायाचे नाही. पण त्याला तेथेच राहू द्यावे आणि दर पावसाळ्यात खिचडीची पाकिटे वाटावीत, ही दयाही नव्हे.

गुंठेवारीचे उदाहरण बोलके आहे. २००१ च्या कायद्याने तुकड्यातुकड्यांनी झालेल्या वस्त्या नियमित करण्याची सोय केली आणि २०२१ च्या दुरुस्तीने तिची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढविली. लाखो कुटुंबांना त्यामुळे दिलासा मिळाला हे आम्ही मान्य करतो. परंतु नियमित झाल्याचा दाखला पाण्याला वाचता येत नाही. घर कायदेशीर झाले म्हणून त्याचे जोते एक बोटभरही उंच होत नाही.

तेव्हा करावे काय? आमच्या मते मोठ्या योजनांची वाट न पाहता चार गोष्टी बाळापुरात आणि बाळापूरसारख्या प्रत्येक गावात करता येतील. एक, दोन्ही रेषा जमिनीवर आणाव्यात. विजेच्या खांबावर, पुलाच्या कमानीवर, शाळेच्या भिंतीवर निळा आणि लाल पट्टा रंगवावा; शाळकरी मुलालाही कळले पाहिजे की लाल पट्टा आपल्या डोक्याच्या वर आहे की खाली. दोन, लेआऊटच्या मंजूर नकाशावर व खरेदीखतात दोन्ही रेषा आणि जोत्याची आवश्यक उंची लिहिल्यावाचून विक्रीची नोंदणी होऊ नये; म्हणजे जबाबदारी घेणाऱ्याबरोबर विकणाऱ्यावरही येईल. तीन, प्रत्येक नाल्याची रुंदी मोजून दगड रोवावेत आणि ती बुजविणारा सामान्य माणूस असो की सार्वजनिक संस्था, दोघांना एकच न्याय लावावा. चार, निळ्या रेषेत आज राहणाऱ्या कुटुंबांसाठी गावाच्या उंच बाजूस जागा आधी राखावी, घर आधी उभे करावे, आणि मगच जुने घर सोडण्यास सांगावे. शाळा, दवाखाना आणि स्वस्त धान्याचे गोदाम ही तर सर्वांत आधी लाल रेषेच्या वर गेली पाहिजेत. संकटात लोक जेथे धाव घेतात तेच पाण्यात असेल तर धावायचे कोठे?

पूरक्षेत्राच्या वापराचा नमुना कायदा केंद्राने १९७५ मध्ये राज्यांकडे पाठविला होता. तसा कायदा करणारी राज्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघाली. महाराष्ट्राचे काम परिपत्रके आणि नियमावल्यांवर चालले आहे. स्वतंत्र कायदा झाला तर आम्ही त्याचे स्वागतच करू. परंतु रंगाचा डबा आणि कुंचला आणण्यास विधिमंडळाच्या ठरावाची जरुरी नाही. आपल्या गावातून रेषा कोठून जाते ते दाखवा, असे लेखी विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकास आहे, आणि तो सुशिक्षित वाचकांनी आधी बजावावा. नवा प्लॉट पाहण्यास ते जातील तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यास एवढेच विचारावे : ‘बाबा, पाणी कोठवर येते?’ तो ज्या बांधाकडे बोट दाखवील त्याच्या पलीकडे कोणी कितीही स्वस्तात जागा देऊ केली तरी परत फिरावे.

मन आणि म्हैस यांचे पाणी आजही किल्ल्याच्या पायथ्याशी येते आणि आपली जागा दाखवून जाते. पांढरी कोणती आणि काळी कोणती हे त्या दोघी विसरलेल्या नाहीत. आपण विसरलो आहोत, आणि ते आठवून देण्याचे काम पुरावर सोपविणे महागात पडते.