निनाद, सभोवार ध्वनिमिश्रणातील

बंदिस्त जागेत ध्वनीचा उगम थांबल्यानंतरही भिंती, छत व जमीन यांवरून होणाऱ्या असंख्य परावर्तनांमुळे तो काही काळ ऐकू येत राहतो. या आविष्कारास निनाद म्हणतात. प्रतिध्वनीत मूळ ध्वनीची वेगळी ओळखू येणारी पुनरावृत्ती असते. निनादात परावर्तने इतकी दाट असतात, की ती कानाला सुटी करता येत नाहीत. श्रोत्याच्या पुढे, बाजूंस व मागे ध्वनिक्षेपक मांडून ऐकवावयाच्या संगीताच्या मिश्रणात निनाद कोणता निवडावा, किती द्यावा व कोठून द्यावा, हा प्रस्तुत नोंदीचा विषय आहे [⟶ ध्वनिकी].

नागपूरच्या सीताबर्डीवरील मुख्य रस्त्यावर कोणी टाळी वाजविली, तर ती गर्दीत विरून जाते. वर आकाश मोकळे असल्याने बराचसा ध्वनी परत येत नाही. तीच टाळी रिकाम्या सभागृहात रेंगाळते. ध्वनीची तीव्रतापातळी ६० डेसिबेलने उतरण्यास लागणाऱ्या वेळास निनाद काल म्हणतात. अमेरिकन भौतिकीविज्ञ वॉलेस सॅबिन यांनी हार्व्हर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानगृहाचा सदोष निनाद सुधारण्याच्या निमित्ताने १८९५ पासून जे प्रयोग केले, त्यांतून पुढील सूत्र मिळाले : निनाद काल = ०·१६१ × घनफळ ÷ एकूण शोषण. यात घनफळ घनमीटरांत, शोषण चौरस मीटरांत व काल सेकंदांत असतो. उदा., २४ मी. लांब, १६ मी. रुंद व ८ मी. उंच सभागृहाचे घनफळ ३,०७२ घ. मी. भरते. रिकामे असताना त्याचे शोषण १५० चौ. मी. असेल, तर निनाद काल सु. ३·३ सेकंद येतो. प्रत्येकी ०·४ चौ. मी. शोषणाचे ५०० श्रोते येऊन बसले, की तो सु. १·४ सेकंदावर उतरतो. सकाळी रिकाम्या नाट्यगृहात तालीम करून समाधान पावलेला गायक रात्री आवाज ‘कोरडा’ लागल्याची तक्रार करतो, तिचे कारण एवढेच आहे.

भाषणास एक सेकंदाच्या आतबाहेरचा निनाद काल मानवतो, तर पाश्चात्त्य वाद्यवृंदास १·८ ते २·२ सेकंदांचा. भारतीय संगीताचा प्रश्न निराळा आहे. तंबोऱ्याचा अखंड स्वर स्वतःच निनादाचे पुष्कळसे काम करतो. त्यावर लांब कृत्रिम निनाद चढविला, की मींड व श्रुती यांच्या कडा पुसल्या जातात. द्रुत लयीतील तबल्याचे बोल तर सु. दीड सेकंदाच्या निनादातही एकमेकांत मिसळू लागतात. मराठी नाट्यसंगीत व अभंग यांत शब्दाला स्वराइतकेच मोल असल्याने व्यंजने स्पष्ट ऐकू येणे ही निनादयोजनेची पहिली अट ठरते. निनादाने आवाज ‘मोठा’ होतो, हा समज गाणाऱ्यांतही बराच रूढ आहे. वस्तुतः आवाज त्याने दूर जातो.

व्हरायटी चौकाला ज्या चित्रपटगृहाचे नाव मिळाले त्याच्या पिढीतील एकपडदा चित्रपटगृहांत एकमार्गी ध्वनी पडद्यामागील ध्वनिक्षेपकांतून येई. मुंबईत परळच्या राजकमल कलामंदिरात मंगेश देसाई यांच्यासारख्या ध्वनिमिश्रकांना गायक, वाद्ये व निनाद हे सर्व त्या एकाच वाटेने पाठवावे लागे. तेथे निनाद थोडा जरी वाढला, तरी तो गायकाच्या शब्दांवरच येऊन बसे. शोले (१९७५) या चित्रपटाच्या ७० मिमी. प्रतींत सहामार्गी चुंबकीय ध्वनी होता. १९९० नंतरच्या दशकात अंकीय पद्धत रूढ झाल्यावर डावा, मधला व उजवा असे समोरचे तीन, मागील बाजूचे दोन आणि केवळ नीच स्वरांसाठी एक स्वतंत्र अशी मार्गांची मांडणी सर्वमान्य झाली. तिला ‘पाच पॉइंट एक’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीनुसार समोरचे डावे-उजवे ध्वनिक्षेपक मध्यरेषेपासून ३० अंशांवर व मागील दोन १०० ते १२० अंशांवर असतात. २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आलेल्या डॉल्बी ॲटमॉस पद्धतीने त्यांत डोक्यावरील ध्वनिक्षेपकांची भर घातली.

या मांडणीचा मोठा लाभ असा, की गायक व निनाद यांना वेगवेगळ्या दिशा देता येतात. दोन ध्वनी भिन्न दिशांनी आले, तर कान ते सहज वेगळे करतो. म्हणून सभोवार मिश्रणात शब्द न झाकता अधिक निनाद खपतो. मात्र एकच निनादसंकेत पाचही मार्गांत वाटणे ही चूक होय. तसे केल्यास निनाद सभोवार न पसरता डोक्यात गोळा झाल्यासारखा किंवा लगतच्या ध्वनिक्षेपकाला चिकटल्यासारखा भासतो. प्रत्येक मार्गातील निनाद सारख्याच स्वभावाचा, पण तपशिलात स्वतंत्र असावा लागतो. म्हणजेच त्यांच्यात परस्परसंबंध अत्यल्प असावा लागतो. खऱ्या सभागृहात दोन भिंतींकडून येणारी परावर्तने एकसारखी नसतात, तीच ही गोष्ट.

प्रत्यक्ष योजनेत निनादाचे दोन भाग मानतात. पहिल्या सु. ८० मिलिसेकंदांतील आरंभीची परावर्तने जागेचा आकार व गायकाचे अंतर सांगतात. ती मुख्यतः समोरून व बाजूंनी द्यावीत. नंतरचा दाट भाग मागील मार्गांतही सोडता येतो. मूळ स्वर व निनादाचा आरंभ यांत २० ते ४० मिलिसेकंदांचा विलंब ठेवल्यास शब्दाचा आघात मोकळा राहतो. ध्वनी सेकंदास सु. ३४३ मी. जातो, म्हणजे ३० मिलिसेकंदांत १० मी.; त्यामुळे हा विलंब म्हणजे किती लांबीची जागा सुचविली जात आहे, याचा हिशेब करता येतो. मधला मार्ग शक्यतो कोरडा ठेवतात. नीच स्वरांच्या मार्गात निनाद देत नाहीत, कारण तेथे तो केवळ घुमतो. निनादातील उच्च कंप्रता थोड्या कापणेही आवश्यक असते. हवा व पडदे त्या प्रथम शोषतात, आणि त्या तशाच राहिल्या तर मागून ‘स’ व ‘श’ यांचे सीत्कार ऐकू येऊन श्रोत्याचे लक्ष पडद्यावरून उडते.

कृत्रिम निनादासाठी आरंभी कठीण भिंतींच्या रिकाम्या खोल्या वापरीत. १९५७ मध्ये जर्मनीतील ईएमटी कंपनीने ताणलेल्या पोलादी पत्र्याचे उपकरण आणले व १९७६ मध्ये अंकीय उपकरण. पत्र्याचा निनाद चटकन दाट होतो. भावगीताच्या आवाजाला तो खुलतो, पण त्यातून विशिष्ट जागेचे चित्र उभे राहत नाही. जागा दाखवावयाची असेल, तर प्रत्यक्ष वास्तूच्या मापनावर आधारलेला निनाद घ्यावा. कट्यार काळजात घुसली या नाटकात (१९६७) नागपुरात वाढलेल्या वसंतराव देशपांडे यांचे गाणे ज्या त्या नाट्यगृहाचा निनाद घेऊन श्रोत्यापर्यंत जाई. २०१५ च्या चित्रपटात दरबार, हवेली वा मोकळा माळ यांचा निनाद ध्वनिमिश्रकाला ठरवावा लागतो. सैराट (२०१६) साठी पाश्चात्त्य वाद्यवृंद लॉस अँजेल्सजवळील सोनी स्टुडिओच्या ध्वनिमंचावर मुद्रित करण्यात आला. अशा मुद्रणात मोठ्या दालनाचा निनाद आधीच असतो. लहान कक्षात मुद्रित केलेली हलगी वा गळा त्यालगत ठेवताना दुसरा निनाद चढविण्याऐवजी त्या दालनाशी जुळणारा निवडणेच इष्ट.

मिश्रण ज्या लहान कक्षात होते तो बहुधा कोरडा असतो. चित्रपटगृह आपला निनाद वरून घालते. म्हणून कक्षात जेमतेम पुरेसा वाटणारा निनाद तेथे भरपूर होतो. याउलट, दिवाणखान्यात मागील ध्वनिक्षेपक कपाटाच्या आडोशाला असतात, किंवा नसतातच. तेव्हा सहा मार्ग दोनांत उतरवून मिश्रण तपासणे अगत्याचे असते. मागे टाकलेला सर्व निनाद त्या वेळी पुढे येऊन गायकावर कोसळतो. कधी विरुद्ध कलांमुळे तो नाहीसाही होतो.

वास्तूचे मापन करताना रंगमंचावरून नीच ते उच्च कंप्रतांपर्यंत चढत जाणारा स्वर वाजवून तो प्रेक्षागारात अनेक ठिकाणी मुद्रित करतात. गणिताने त्यातून त्या जागेचा स्पंद-प्रतिसाद मिळतो. तो कोणत्याही कोरड्या मुद्रणास लावता येतो. यास काही तासांचेच काम लागते, पण ते वास्तू उभी असतानाच करावे लागते. सीताबर्डीवरील विदर्भ साहित्य संघाचे धनवटे रंगमंदिर आज उरलेले नाही. पाडलेल्या वास्तूचा निनाद नकाशे व शोषणगुणांक यांवरून संगणकाने अंदाजता येतो. खुर्च्यांचे कापड, पडद्यांचे वजन व सज्ज्याखालील छताची उंची ठाऊक असेल, तेवढाच तो अंदाज खरा उतरतो.