सैनिकाचे घराणे आणि लेखिकांची नावे : कोरी कुटुंबाचा मागोवा

व्हिक्टोरिया राणीच्या काळात (१८३७–१९०१) हिंदुस्थानात चाकरी केलेल्या एखाद्या ब्रिटिश सैनिकाची आणि त्याच्या मुलांची माहिती जमविणे हे वरकरणी वंशावळकाराचे काम वाटते. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकालाही काही वेळा हीच वाट धरावी लागते. एखादी संहिता अनुवादित आहे की स्वतंत्र, तिच्यातील ‘मी’ स्त्री आहे की पुरुष, या प्रश्नांचा विचार लेखकाच्या घराची माहिती असल्याविना नीट होत नाही. कर्नल आर्थर कोरी आणि त्यांच्या तीन कन्या हे याचे बोलके उदाहरण आहे.

सैनिकाचा माग काढणे तुलनेने सोपे असते. अधिकाऱ्याची पदे व पलटणी छापील ‘आर्मी लिस्ट’मध्ये वर्षानुवर्षे सापडतात. राणीच्या पलटणींतील साध्या शिपायांची सेवामुक्तीची कागदपत्रे लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. हिंदुस्थानातील चर्चमध्ये नोंदलेले बाप्तिस्मे, विवाह आणि दफने यांच्या प्रती बंगाल, मद्रास व मुंबई अशा इलाखावार लंडनला जात. ते दफ्तर आता ब्रिटिश लायब्ररीत आहे. आर्थर कोरी सैन्यात असताना लाहोरला होते. तेथील ‘सिव्हिल अँड मिलिटरी गॅझेट’शी संपादक म्हणून त्यांचा संबंध आला आणि पुढे कराचीच्या ‘सिंध गॅझेट’शी त्यांचे नाव जोडले गेले. १८८२ मध्ये रडयार्ड किपलिंग ज्या वृत्तपत्रात रुजू झाला ते लाहोरचेच. म्हणजे या घरात तलवार आणि लेखणी एकत्र नांदत होत्या, हे केवळ सैनिकी नोंदींवरून कळत नाही. त्यासाठी वृत्तपत्रांच्या इतिहासाकडे वळावे लागते.

मुलांकडे वळताच हा माग दुभंगतो. ॲडेला फ्लॉरेन्स १८६५ मध्ये इंग्लंडात, ब्रिस्टलजवळच्या स्टोक बिशप येथे जन्मली. ॲनी सोफी १८६८ मध्ये रावळपिंडीस. त्यामुळे एकीचा जन्म इंग्लंडच्या नागरी नोंदणीत, तर दुसरीचा हिंदुस्थानातून गेलेल्या चर्चच्या नोंदींत शोधावा लागतो. एका घरच्या दोन बहिणी अशा दोन वेगळ्या दफ्तरांत विभागल्या जातात.

यापुढची अडचण नावांची आहे. मुलीचे आडनाव विवाहाने बदलते आणि लेखिकेचे नाव टोपणनावामागे दडते. येथे दोन्ही घडले. इझाबेल ही विवाहानंतर टेट झाली आणि पित्याच्या मागे तिने ‘सिंध गॅझेट’ची धुरा सांभाळली. ॲडेलाने १८८९ मध्ये बलुच पलटणीचे अधिकारी माल्कम निकल्सन यांच्याशी विवाह केला आणि ‘लॉरेन्स होप’ या पुरुषी नावाने कविता प्रसिद्ध केली. ॲनी सोफीने ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ हे नाव घेतले. १८५६ मध्ये सुरू झालेल्या, रणांगणावरील शौर्यासाठी दिल्या जाणाऱ्या पदकाचेच हे नाव! सैनिकाच्या मुलीने ते कादंबरीकार म्हणून धारण करावे, यातील उपरोध कुटुंबाची माहिती असलेल्या वाचकालाच जाणवतो. तिच्या ‘ॲना लोम्बार्ड’ (१९०१) या कादंबरीची नायिका एका जनरलची मुलगी असून ती आपल्या पठाण नोकराशी गुप्तपणे विवाह करते. छावणीतील घरांचे अलिखित नियम ज्या तपशिलाने येथे मोडले जातात, त्यामागे त्या घरांचा निकटचा परिचय आहे.

ॲडेलाच्या ‘द गार्डन ऑफ काम’ या संग्रहाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. हिंदुस्थानातील प्रेमगीते लॉरेन्स होप यांनी पद्यबद्ध केली आहेत, असे त्याचे शीर्षपृष्ठ सुचवीत होते. त्यामुळे अनेकांनी कवी पुरुष मानला आणि कविता अनुवाद मानल्या. मुळात या भाषांतराचा आव आणलेल्या स्वतंत्र रचना होत. ‘परक्या भाषेतील परक्या पुरुषाचे उद्गार’ या दुहेरी आवरणामुळे एका अधिकाऱ्याच्या पत्नीला वासनेविषयी मोकळेपणाने लिहिता आले. ऑगस्ट १९०४ मध्ये मद्रासला पतीचे निधन झाले आणि दोन महिन्यांनी ऑक्टोबरमध्ये तिने स्वतःचे जीवन संपविले. या शेवटामुळे तिच्या प्रत्येक कवितेत आत्मचरित्र शोधण्याचा मोह अनेकांना झाला. पण घराण्याचा इतिहास आवरण का घेतले गेले हे सांगतो. कवितेतील प्रियकर कोण, याचा पुरावा तो देत नाही. ही मर्यादा पाळली नाही, तर संशोधनाची जागा कुजबुज घेते.

या दफ्तराच्या दुसऱ्या मर्यादेकडे महू येथील छावणी लक्ष वेधते. १८९५ नंतरची काही वर्षे निकल्सन दांपत्य येथे राहत होते. त्याआधी, १४ एप्रिल १८९१ रोजी, याच छावणीत सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरी भीमराव आंबेडकरांचा जन्म झाला होता. रामजी हेही व्हिक्टोरियाच्याच सैन्यातील सैनिक. पण त्यांच्या मुलांच्या जन्माला चर्चच्या नोंदवहीत स्थान नव्हते. त्या मुलाची मोलाची लेखी नोंद भेटते ती सातारच्या सरकारी शाळेच्या प्रवेशवहीत, ७ नोव्हेंबर १९०० या तारखेला, ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी. एका सैनिकाच्या मुली चर्चच्या वहीत नोंदल्या जाऊन पुढे टोपणनावांत दडल्या. दुसऱ्या सैनिकाच्या मुलाला वहीत शिरण्यासाठी शाळेचे दार गाठावे लागले.

दफ्तरे कोणाला नोंदतात आणि कोणाला वगळतात, याचे भान ठेवूनच ती वाचली पाहिजेत. कोरी भगिनी वाङ्मयेतिहासात तीन निरनिराळ्या नावांखाली विखुरल्या गेल्या आहेत. त्यांना एका घरात परत आणून बसविल्यावरच त्यांच्या लेखनातील हिंदुस्थान कितपत पाहिलेला, कितपत ऐकलेला आणि कितपत रचलेला आहे, याची तुलना सुरू करता येते.