अव्वल दोन टक्क्यांची यादी, एच-इंडेक्स आणि कार्ल फ्रिस्टन: शास्त्रज्ञाचा प्रभाव नेमका कसा मोजतात?

दरवर्षी सप्टेंबरच्या आसपास फेसबुक आणि व्हॉट्सॲपवर अभिनंदनाच्या पोस्ट फिरू लागतात. ‘स्टॅनफर्डच्या जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत आमच्या कॉलेजचे सर!’ यादी खरी असते. स्टॅनफर्ड विद्यापीठातले जॉन इओॲनिडिस आणि त्यांचे सहकारी ती तयार करतात. पण कोणतीही समिती बसून या लोकांचं काम वाचत नाही. यादी बनते ती सायटेशनच्या, म्हणजे इतर संशोधकांनी आपल्या पेपरमध्ये दिलेल्या संदर्भांच्या हिशोबातून.

मग हे आकडे नेमकं काय सांगतात? मेंदूविज्ञानातलं एक टोकाचं उदाहरण पाहू.

कार्ल फ्रिस्टन हे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये संशोधन करतात. ‘सिमँटिक स्कॉलर’ या सर्च इंजिनाने २०१६ मध्ये त्यांना जगातले सर्वांत प्रभावी मेंदूवैज्ञानिक ठरवलं होतं. गुगल स्कॉलरवर त्यांची सायटेशन तीन लाखांच्या पुढे आहेत आणि एच-इंडेक्स अडीचशेच्या वर.

एच-इंडेक्स ही भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी २००५ मध्ये मांडलेली कल्पना. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर, एखाद्या फलंदाजाने किमान ३० धावांच्या ३० खेळी केल्या, तर त्याचा इंडेक्स ३०. संशोधकाच्या बाबतीत ३० पेपर, प्रत्येकाला किमान ३० सायटेशन. यात एक गंमत आहे. पाच हजार सायटेशन मिळालेला एखादा क्रांतिकारक पेपरही इथे एकच खेळी धरला जातो. पुढे खुद्द हर्श यांनीच या आकड्याचे वाईट परिणाम होऊ शकतात, असं लिहिलं.

फ्रिस्टन यांचा आकडा एवढा मोठा कसा झाला? बराचसा एका सॉफ्टवेअरमुळे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये काम करताना त्यांनी ‘एसपीएम’ तयार केलं. ब्रेन स्कॅनची मोठी अडचण अशी की प्रत्येकाच्या मेंदूचा आकार वेगळा, आणि स्कॅनमध्ये हजारो बारीक ठिपके. एसपीएम सगळे मेंदू एका नमुन्यावर बसवतं आणि कोणत्या ठिपक्यात खरोखर फरक पडला हे संख्याशास्त्राने शोधतं. ते फुकट वाटलं गेलं. मग जगभरच्या प्रयोगशाळांनी ते वापरलं आणि वापरलं की पेपरमध्ये संदर्भ द्यायचा, ही रीतच आहे.

लंडनच्या टॅक्सीचालकांवरचा २००० सालचा अभ्यास अनेकांनी ऐकला असेल. शहरातले रस्ते पाठ करणाऱ्या या चालकांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग मोठा दिसला होता. तो अभ्यास एलेनॉर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांचा, लेखकांत फ्रिस्टन नाहीत. पण मोजण्याची पद्धत त्यांच्याच गटातून आलेली.

थोडक्यात, हजारो पेपर फ्रिस्टन यांचा उल्लेख करतात ते त्यांचं म्हणणं पटलं म्हणून नव्हे, तर त्यांचं हत्यार वापरलं म्हणून. त्यांचं म्हणणं वेगळंच आहे: मेंदू सतत अंदाज बांधतो आणि अंदाज चुकण्याचं प्रमाण कमी करत राहतो. ‘फ्री एनर्जी’ नावाचं हे तत्त्व समजायला भलतंच अवघड मानलं जातं. ते प्रयोगाने खोटं ठरवताच येत नाही, असा आक्षेप आहे. त्यावर फ्रिस्टन यांचं उत्तर सरळ आहे: हे तत्त्व आहे, ते खोटं ठरवायचं नसतंच.

हत्यार सगळ्यांच्या हातात असलं की धोकाही सगळ्यांचाच. २०१६ मध्ये अँडर्स एक्लंड आणि सहकाऱ्यांनी एसपीएमसह तीन लोकप्रिय सॉफ्टवेअर तपासली. काही सेटिंग्जवर चुकीच्या निष्कर्षाचं प्रमाण अपेक्षित ५ टक्क्यांऐवजी ७० टक्क्यांपर्यंत गेलं. ४० हजार अभ्यास धोक्यात, अशा बातम्या झाल्या. तो आकडा फुगलेला होता आणि लेखकांनी मजकूर दुरुस्तही केला. दोष सॉफ्टवेअरचा नसून सैल निकष वापरणाऱ्यांचा, अशी बाजू फ्रिस्टन यांच्या गटाने मांडली.

अशी टीका करणाऱ्या पेपरलाही मूळ कामाचा संदर्भ द्यावाच लागतो. सायटेशनच्या मोजणीत तोही एकने वाढतो.