विश्लेषण : सुट्टी सगळ्यांची, मग विश्रांती कुणाची? ख्रिस्ती पालकांपुढचा मे महिन्याचा पेच

विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास उघडतात. त्यामुळे रिसोडसारख्या तालुक्याच्या गावात उन्हाळी सुट्टी चांगली लांबलचक असते. बाहेर पारा चाळिशीपार, लग्नसराई भरात आणि मुले दिवसभर कूलरसमोर मोबाइल घेऊन बसलेली. अशा वेळी ‘कुठे तरी जाऊन येऊ’ हा विषय घरोघरी निघतो. ख्रिस्ती कुटुंबांत त्यासोबत आणखी प्रश्न येतात. रविवारच्या उपासनेचे काय? घरातली प्रार्थना चार-सहा दिवस बंदच ठेवायची का? आणि दरवर्षी सहलीहून परतल्यावर आई-वडील आधीपेक्षा जास्त दमलेले का असतात?

सुट्टी आणि चर्चचे पंचांग जुळते का?

वरवर पाहता नाही. राज्य मंडळाच्या शाळांना मोठी सुट्टी दिवाळीत मिळते, नाताळची बहुतेक ठिकाणी एखाद-दुसरा दिवस. पवित्र आठवडा अनेकदा परीक्षांच्या दिवसांत येतो. मोठ्या यात्राही शाळा सुरू असतानाच भरतात. श्रीरामपूरजवळच्या हरेगावची मतमाउली यात्रा आणि वांद्र्याची माउंट मेरीची जत्रा सप्टेंबरात, तर जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण ३ डिसेंबरला.

मात्र एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. ईस्टरपासून पन्नासाव्या दिवशी येणारा पेंटेकॉस्ट नेहमी मे किंवा जूनमध्येच असतो. २०२६चेच घ्या. ईस्टर ५ एप्रिलला, स्वर्गारोहणाचा दिवस १४ मे आणि पेंटेकॉस्ट २४ मे. म्हणजे उन्हाळी सुट्टीचा मोठा भाग पुनरुत्थानाच्या आनंदाच्या काळातच येतो. स्वर्गारोहण ते पेंटेकॉस्ट हे तर शिष्यांनी एकत्र थांबून प्रार्थनेत घालवलेले दिवस. सहलीला वेगळा ‘धार्मिक कार्यक्रम’ शोधण्यापेक्षा तारीख ठरवताना हे दिवस डोळ्यांसमोर ठेवले तरी बरेच काम होते.

बायबलमधील विश्रांती नेमकी कुणासाठी?

खरा मुद्दा इथे आहे. शब्बाथाची आज्ञा ‘तू काम करू नकोस’ एवढ्यावर थांबत नाही. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि वेशीच्या आत राहणारा परका अशी अख्खी यादी आहे. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात त्याचे कारणही सांगितले आहे : तुम्ही स्वतः मिसरात गुलाम होता, हे विसरू नका. घरातल्या एकाने आराम करायचा आणि बाकीच्यांनी राबायचे, याला ही आज्ञा विश्रांती म्हणत नाही.

आता हीच यादी आपल्या सहलीला लावून पाहावी. निघायच्या आदल्या रात्री दशम्या आणि चटणी कोण करते? मुक्कामी पोहोचल्यावर सगळ्यांचे कपडे कोण धुते? नातेवाइकांकडे उतरले तर त्या घरची बाई सकाळपासून कुणासाठी ओट्याशी उभी असते? आणि भाड्याच्या गाडीचा चालक? रात्रभर गाडी चालवून तो पहाटे सीटवरच अंग टाकतो आणि दहा वाजता पुन्हा ‘पुढचा पॉइंट’. लूकच्या दहाव्या अध्यायातील मार्था कामाने गांगरली होती. पण तिने तक्रार तरी केली. आपल्याकडच्या अनेक मार्था तेही करत नाहीत.

यावर उपाय फार आध्यात्मिक नाहीत. सहा दिवसांत पाच ठिकाणे करण्याऐवजी एकाच ठिकाणी चार रात्री राहावे. एक दिवस गाडी जागची हलवायची नाही, म्हणजे चालकालाही झोप मिळेल. जेवण बाहेर घ्यावे, किंवा स्वयंपाक वडील आणि मुलांनी करावा. खर्च वाढतो हे खरे, पण दोन ठिकाणे कमी केली की डिझेलचे पैसे वाचतात.

मुलांवर भक्तीची सक्ती करावी का?

लूकच्या दुसऱ्या अध्यायातला बारा वर्षांच्या येशूचा प्रसंग हा खरे तर कौटुंबिक प्रवासाचाच. वल्हांडणासाठी दरवर्षीप्रमाणे यरुशलेमला गेलेले कुटुंब, सोबत नातेवाईक आणि ओळखीचे. मुलगा सोबतच्या लोकांत असेल असे समजून आई-वडील दिवसभराची वाट चालून गेले आणि मग शोधाशोध. तीन दिवसांनी तो मंदिरात सापडला, शिक्षकांचे ऐकत आणि त्यांना प्रश्न विचारत. मुलाची जिज्ञासा आई-वडिलांच्या वेळापत्रकाबाहेर जागी झाली होती. अनुवादाचा सहावा अध्यायही मुलांशी घरी बसताना आणि वाटेने चालताना बोलायला सांगतो. लॉजच्या खोलीत तासभर सक्तीने बसवा, असे त्यात नाही.

त्यामुळे लांब प्रार्थनेपेक्षा छोटी, रोजची सवय प्रवासात टिकते. १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रे यरुशलेमच्या वाटेवरील यात्रेकरूंशी जोडली जातात. त्यांतील बहुतेक छोटी आहेत. १३१, १३३ आणि १३४ तर तीन-तीन वचनांची. रोज निघण्यापूर्वी एक स्तोत्र, तेही आळीपाळीने मुलांनी वाचलेले. पाच मिनिटांत होते आणि गाडीत त्यावर गप्पा निघाल्या तर निघाल्या.

रिसोडहून जायचे कुठे?

रिसोडला रेल्वे नाही. वाशीम किंवा अकोला गाठावे लागते. म्हणून आधी जवळचे. लोणार तासाभरावर आहे. उल्कापाताने बेसॉल्ट खडकात तयार झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर २०२०मध्ये रामसर यादीत आले आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले होते. मेमध्ये जायचे तर उजाडताच जावे, नऊनंतर ऊन सोसत नाही. कडेला बसून आठवे किंवा एकोणिसावे स्तोत्र वाचायला यापेक्षा चांगली जागा या भागात क्वचितच मिळेल.

थंडावा हवा असेल तर सुमारे १,१०० मीटर उंचीवरचे चिखलदरा. आणि मराठी ख्रिस्ती मुलांनी एकदा तरी पाहावे असे ठिकाण म्हणजे दौंड तालुक्यातील केडगावचे मुक्ती मिशन. पंडिता रमाबाईंनी (१८५८-१९२२) दुष्काळातून वाचवलेल्या मुली आणि विधवांसाठी ते उभे केले. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले आणि तिथल्याच छापखान्यात स्त्रियांनी ते छापले. ही काम चालू असलेली संस्था आहे, पर्यटनस्थळ नव्हे. तेव्हा आधी विचारूनच जावे.

रविवार वाटेत आला तर?

कॅथलिक कुटुंबांसाठी रविवारचा मिस्सा हे बंधनच आहे. प्रोटेस्टंट मंडळ्यांत प्रथा वेगवेगळ्या. २०११च्या जनगणनेनुसार राज्यात ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याहूनही कमी, त्यामुळे प्रत्येक गावात चर्च मिळेलच असे नाही. मुक्कामाचे गाव ठरवतानाच जवळचे चर्च आणि उपासनेची वेळ पाहून ठेवावी. अनोळखी मंडळीत जाऊन बसणे मुलांसाठी मोठा अनुभव असतो. आपलीच गीते वेगळ्या चालीत ऐकायला मिळतात, कधी पंथही वेगळा असतो.

तरीही बेत फिसकटतोच. मार्कच्या सहाव्या अध्यायात जेवायलाही सवड न मिळालेले शिष्य येशूसोबत नावेने एकांतात गेले, तर लोक त्यांच्याआधी तिथे हजर. घरच्या लग्नाचा फोन, मुलाचा ताप, बिघडलेली गाडी हे त्याच जातीचे.

तिकिटे काढण्यापूर्वी पाळकांना एक फोन मात्र करावा. अनेक मंडळ्यांची सुट्टीतील बायबल शाळा याच दिवसांत भरते. न्यूयॉर्कमध्ये १८९८मध्ये उन्हाळ्यात रस्त्यावर भटकणाऱ्या मुलांसाठी एका बाईने चक्क बिअरचा गुत्ता भाड्याने घेऊन असा वर्ग चालवला, तिथून ही पद्धत रुजली. मुलांचे मित्र तिथे असतात, नाटुकली असते, गाणी असतात. तारखा एकाच वेळी आल्या तर सहल आठवडाभर पुढे ढकलायला मुले बहुधा स्वतःच सांगतील.