आपली नाडी आपणच मोजा

दवाखान्यात आलेला रुग्ण खुर्चीवर टेकण्याआधीच मनगट पुढे करतो. "डॉक्टर, जरा नाडी बघा!" मी बघतोही. पण ही तपासणी घरच्या घरी कोणालाही जमण्यासारखी आहे. तिला एक पैसा लागत नाही. हवे फक्त सेकंदकाट्याचे घड्याळ आणि मिनिटभराचा निवांतपणा.

हृदय आकुंचन पावले की रक्ताची लाट धमन्यांतून पुढे सरकते. मनगटाशी धमनी कातडीलगत, हाडावर असते. तिथे बोटांना जाणवणारी ही लाट म्हणजेच नाडी.

नाडी कशी मोजावी?

१) चहा, तंबाखू, जिना चढणे किंवा कष्टाचे काम यानंतर लगेच मोजू नये. दहा मिनिटे शांत बसावे.

२) तळहात वर करून हात सैल ठेवावा. दुसऱ्या हाताची मधली तीन बोटे मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला हलकेच टेकवावीत. फार दाबल्यास नाडी लागत नाही. अंगठ्याने पाहू नये. त्याचीच नाडी मोजली जाण्याचा संभव असतो.

३) पूर्ण ६० सेकंद ठोके मोजावेत.

पुरुषांचा उजवा व स्त्रियांचा डावा हात पाहण्याचा प्रघात आहे. ठोके मोजण्यापुरता कोणताही हात चालतो.

मोठ्या माणसाचे विश्रांतीतले ठोके मिनिटाला ६० ते १०० असतात. खेळाडूंचे याहून कमी, तर लहान मुलांचे जास्त असतात. ताप, रक्तक्षय, थायरॉईडचा विकार किंवा नुसती भीती यांनीही नाडी जलद होते.

मात्र आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे नाडीचा ताल. एखादा ठोका क्वचित चुकला तर बहुधा काळजीचे कारण नसते. पण ठोके कधी लवकर, कधी उशिरा, असे सतत वेडेवाकडे पडत असतील तर ते 'एट्रियल फिब्रिलेशन' असू शकते. यात हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होऊ शकते. ती मेंदूत जाऊन अडकली की लकवा मारतो. पुष्कळांना आधी कसलाच त्रास जाणवत नाही.

माझ्याकडे येणारे एक निवृत्त शिक्षक केवळ "ठोके तालात नाहीत" एवढ्यावरून आले. ईसीजी काढल्यावर हाच विकार निघाला. रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी लकवा येण्याआधीच सुरू करता आली. (ही गोळी मनाने घेऊ नये अथवा बंद करू नये.)

२०२० च्या करोना साथीत अनेक घरांत ऑक्सिमीटर आले. ते नाडीचा आकडा दाखवते. ताल बिघडला आहे का, हे मात्र बोटांनीच पाहावे.

विश्रांतीतही नाडी वारंवार १०० च्या वर जात असेल, ६० च्या खाली जाऊन घेरी येत असेल किंवा ताल बिघडलेला वाटला, तर डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखणे, दम लागणे, शुद्ध हरपणे अशा वेळी मात्र नाडी मोजत बसू नका, थेट इस्पितळ गाठा. नाडी ठीक लागली म्हणजे हृदयविकाराचा झटका नाही, असे समजू नये.

पासष्टी ओलांडलेल्यांनी, तसेच रक्तदाब व मधुमेह असणाऱ्यांनी महिन्यातून एकदा तरी नाडी पाहावी. ज्या कॅलेंडरवर आपण दुधाचा हिशेब मांडतो, त्यावरच आकडा आणि 'तालात' की 'बेताल' एवढे लिहून ठेवावे. डॉक्टरांकडे जाताना ती नोंद सोबत न्यावी.