बाळंतिणीची खोली (भाग ४) : दूध पुरतंय ना?

बाळ बघायला आलेलं माणूस झबलं-टोपडं हातात ठेवतं, बाळ कुणावर गेलंय याचा निकाल देतं आणि मग आवाज खाली आणून बाळंतिणीला विचारतं, "दूध पुरतंय ना गं?" विचारणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पण जिचे टाके अजून ओढताहेत, जिला सलग दोन तास झोप नाही, तिला याचं उत्तर ठाऊक नसतं. बाटलीवर असतात तशा खुणा तिच्या अंगावर नाहीत. गेल्या आठवड्यात आपण शेक-शेगडी आणि बाळंतिणीची झोप यांबद्दल बोललो. आजचा भाग या एका प्रश्नासाठी, कारण अंगावरचं दूध लवकर सुटतं त्यात आजारपणापेक्षा या प्रश्नाचा हात मोठा आहे, असं माझं मत आहे.

पहिल्या दोन-तीन दिवसांत येतो तो चीक. दाट, पिवळसर आणि अगदी थोडा, एका वेळी चमचा-दोन चमचे. बाळाची त्या दिवसांतली गरजही तेवढीच असते, आणि संसर्गाशी लढणारे घटक या चिकात भरपूर असतात. भरपूर दूध उतरतं ते साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी. पहिलटकरणीला किंवा सिझेरियन झालेल्या बाईला आणखी एखादा दिवस लागू शकतो. दरम्यान बाळाचं वजन थोडं उतरतं. जन्मवजनाच्या ७ टक्क्यांपर्यंतची घट बहुतेक बाळांत दिसते. १० टक्क्यांकडे गेली तर डॉक्टरांनी लक्ष घालायचं. दोन आठवड्यांत ती भरूनही येते. नेमक्या याच दिवसांत कुणीतरी "पोर उपाशी आहे" म्हणतं आणि पावडरचा डबा घरात येतो. कुठे गूळपाणी चाटवतात, कुठे मधात सोनं उगाळून. मध तर वर्षाच्या आत नकोच. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

याचं खापर आजीवर फोडण्याची घाई मात्र नको. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात, पण जन्मल्यापासून तासाभरात छातीशी लागलेली बाळं फक्त ४१.८ टक्के. त्या पहिल्या तासात बाळ आजीच्या हातात नव्हतं.

आता दूध तयार कसं होतं ते पाहू, कारण सगळी गोम तिथे आहे. बाळ ओढायला लागलं की आईच्या मेंदूकडे निरोप जातो. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक दूध बनवायला लावतं, ऑक्सिटोसिन ते बाहेर सोडतं. पान्हा फुटतो तो या दुसऱ्यामुळे. रात्री प्रोलॅक्टिनची पातळी जास्त असते, म्हणून रात्रीचं पाजणं सुरुवातीला फार मोलाचं. आणि छातीत दूध साठून राहिलं की पुढची निर्मिती मंदावते. छाती म्हणजे सकाळी भरून संध्याकाळी संपणारा हंडा नाही. जेवढं बाळ ओढून नेईल तेवढं मागून येत राहतं.

म्हणूनच "एखादी बाटली देऊन बघू" हा सल्ला वाटतो तितका साधा नाही. बाटलीभर पावडरचं दूध पिऊन बाळ गाढ झोपतं. घरात शांतता होते आणि सगळ्यांना वाटतं, बघा, भूकच होती. तेवढा वेळ छाती भरलेली राहते, मेंदूकडे निरोप जात नाही, दुसऱ्या दिवशी दूध थोडं कमी येतं. मग दुसरी बाटली. पंधरवड्यात दूध खरोखरच कमी पडतं आणि "मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणणारं माणूस प्रत्येक घरात असतंच. दुधाच्या पावडरची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, डब्यावर आईचं दूधच सर्वोत्तम असं छापावंही लागतं. पण घरातल्या शंकेला कुठला कायदा लागू होणार?

शंका यायला निमित्तंही भरपूर. दिवेलागणीला बाळ किरकिर करतं, अर्ध्या-अर्ध्या तासाने प्यायला मागतं. बहुतेक तान्ही बाळं संध्याकाळी असंच करतात. दूध आटल्याची ती खूण नाही. काही आठवड्यांनी छाती मऊ पडते, पूर्वीसारखी दाटत नाही. आईला वाटतं दूध गेलं. खरं तर बाळाला लागेल तेवढंच बनवायला शरीर आता शिकलेलं असतं. पंपाने काढून बघितलं तर तळाशी थोडंसंच जमतं, आणि जीव आणखी खाली जातो. पण पंप बाळासारखं ओढू शकत नाही, त्यावरून माप काढू नये.

माप काढायचंच तर लंगोट मोजावेत. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. डायपरच्या घरांत हा हिशेब अवघड होतो, दोरीवर वाळत घातलेल्या लंगोटांच्या घरात तो शेजाऱ्यांनाही कळतो. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाताईंनी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा यायचं असतं. त्यांच्याकडून वजन करून घ्या. मनाला लागलेल्या घोरावर तो काटा चांगला उतारा आहे.

पाजताना दुखणं हेही मोठं कारण. स्तनाग्राला चिरा पडतात, बाळ जवळ आणलं की अंगावर काटा येतो. बहुतेक वेळा बाळाने फक्त टोक धरलेलं असतं. तोंड मोठं उघडून भोवतीचा काळा भागही तोंडात गेला, हनुवटी छातीला टेकली, की दुखणं पुष्कळ कमी होतं. हे वाचून जमत नाही. कुणीतरी शेजारी बसून दाखवायला हवं. छातीत गाठ लाल होऊन ताप आला तर डॉक्टरांकडे जा, पण पाजणं थांबवू नका.

अळिवाची खीर, डिंकाचे लाडू जरूर खा. त्यांनी दूध वाढतं याचा भक्कम पुरावा नाही. बाळंतिणीच्या अंगात मात्र ताकद येते, तेवढं कारण पुरे. पोट सुटेल म्हणून पाणी तोडणं तेवढं बंद करा.

आणि हो, काही बायकांना खरोखरच दूध कमी येतं. बाळंतपणात फार रक्तस्राव झाला, थायरॉइडचा त्रास असला, छातीची शस्त्रक्रिया झालेली असली तर असं होतं. त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचं दूध द्यावं, आणि त्यासाठी कुणाची माफी मागू नये. दिवस भरण्याआधी आलेल्या बाळांसाठी दुसऱ्या आयांचं दूधही मिळू शकतं. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली सुरू केलेली दुग्धपेढी आशियातली पहिली.

एवढ्या खटाटोपाचं फळ काय, असं एका वाचक ताईंनी विचारलंय. गर्भाशय लवकर आवळतं, पुढे स्तनाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, हे तर पुस्तकात आहे. पण साधारण दीड महिन्यानंतर पाजणं हाताला वळण पडल्यासारखं सोपं होतं. अर्ध्या झोपेत बाळ आपोआप जवळ घेतलं जातं. त्याच सुमारास ते हसायला लागतं आणि पिता पिता मध्येच थांबून आईकडे बघून हसतं. अंगावर दूध सांडतं, ब्लाउज भिजतो, आणि तिला त्याचा राग येत नाही.

सहा महिने फक्त अंगावरचं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पगारी रजा २६ आठवड्यांची, तीही २०१७ च्या दुरुस्तीनंतर आणि नोकरदार बायकांनाच. ऊसतोडीला किंवा धुण्याभांड्यांना जाणारीला तीही नाही. दूध काढून ठेवणं, ते टिकवणं आणि पाळणाघराचा कायदा, हे पुढच्या आठवड्यात.