व्हाइनल की डिजिटल? डीजेच्या टेबलावरून

व्हाइनलवर वाजवणं म्हणजे नुसता जुन्याचा सोस, असं म्हणणाऱ्यांनी एकदा टेक्निक्सच्या एसएल-१२०० समोर उभं राहावं. १९७२ साली आलेलं हे जपानी टर्नटेबल मुळात घरी गाणी ऐकण्यासाठी होतं. यात पट्टा नाही, मोटर थेट थाळीला जोडलेली. मध्ये निसरडी चकती असली की हाताने रेकॉर्ड धरली तरी थाळी फिरत राहते आणि हात काढताच गाणं वेग पकडतं. १९७९च्या एमके२मध्ये वेग ८ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करणारी सरकपट्टी आली आणि दोन गाण्यांचे ठेके जुळवणं बोटांचा खेळ झालं.

वाजवण्यासाठी घ्यायची तर बारा इंची सिंगल घ्या. एका बाजूला एखाद-दुसरंच गाणं, म्हणून खाचा ऐसपैस आणि बास दणकट. ती उजेडात तिरकी धरा: शांत भाग काळाभोर दिसतो, दणदणीत भाग करडा. ब्रेक, म्हणजे नुसत्या ठेक्याचा भाग, कुठे आहे ते ऐकण्याआधीच कळतं!

'व्हाइनलचा आवाज सरसच' हे मात्र मला पटत नाही. चांगली वेव्ह फाइल जास्त स्वच्छ वाजते, शिवाय खोकी उचलून पाठ मोडत नाही. मधली वाट म्हणजे टाइमकोड रेकॉर्ड. तिच्यावर गाणं नसतं, फक्त संकेत असतो. त्यावरून सॉफ्टवेअर वेग आणि दिशा ओळखून लॅपटॉपमधलं गाणं तसंच फिरवतं.

आणि हो, चोर बाजारात जुनी ७८ची तबकडी दिसली तर एमके२साठी घेऊ नका. त्यावर ३३ आणि ४५ हेच वेग आहेत.